मुरमाच्या सडकेवरचे दोघे भाऊ

मी ग्रामसेविका म्हणून तेरला रुजू झाले तेव्हा गावाच्या उत्तरेकडच्या वाड्यांना जाणारी सडक नवीकोरी होती. आमचा मुलूख निजामाकडून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आला होता, आणि त्या धामधुमीत कुणीतरी या वाड्यांची आठवण ठेवून माळावरून लाल मुरूम अंथरला होता. एसटी सुरू व्हायची होती. मोटार म्हणाल तर महिन्यातून एखादी, तीही साहेबाची जीप. बाकी बैलगाड्या, मेंढरं आणि माझी सायकल.

वडील तुळजापुरात कारकून होते. भावानं मला कचेरीमागच्या पटांगणात सायकल शिकवली होती, ती इथं कामी आली. सकाळी तेर सोडलं की दोन्ही बाजूंनी ज्वारी, मधूनच करडई, आणि चाकाखाली मुरमाचा करकर आवाज. तासभर माणूस दिसायचं नाही. वाड्यांवर जाऊन बायकांना निर्धूर चूल दाखवायची, पोरांच्या खरजेवर मलम द्यायचं, हे माझं काम. मला त्या वाटेची गोडी लागली होती.

एका वळणावर ती सडक दोघा सख्ख्या भावांच्या शेतांच्या मधून गेली होती. दोघेही चाळिशीच्या आसपासचे. थोरला उंच, सावकाश बोलणारा. धाकटा अंगानं आडवा, मानेच्या शिरा कायम ताठ. आखणी झाली तेव्हा ओव्हरसियरनं सडक धाकट्याच्या रानातून ओढली. थोरल्यानंच त्याला जेवू घालून ती तिकडं सरकवली, असं धाकटा सांगत फिरे. खरं काय ते मला कधी कळलं नाही.

मला एवढंच कळलं, की एका सकाळी त्या वळणावर सायकलचं पुढचं चाक एकदम खाली गेलं आणि मी तोंडावर आपटले. धाकट्यानं सडकेत आडवा चर खणला होता. हनुवटी फुटली, पदर रक्तानं भिजला. तो बांधावर उभा राहून बघत होता.

"दिसत न्हाय का?" तो म्हणाला.

"रस्त्यात खड्डा असेल असं कुणाच्या मनात येईल?"

"रस्ता न्हाय ह्यो, बाई. माझं रान हाय. माझ्या बापाचं रान हाय."

पलीकडून थोरला पळत आला. त्यानं मला उठवलं, पाणी दिलं आणि भावाकडं न बघताच म्हणाला, "बाईमाणसाला पाडतोस? आज सांजच्याला बुजवतो बघ."

"बुजवून तर बघ," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं चर बुजवला. धाकट्यानं पुन्हा खणला. असं कितीदा तरी झालं. एकदा त्यांनी एकमेकांवर ढेकळं फेकली, एकदा थोरल्याच्या बैलाच्या पाठीत दगड बसला. वाडीतल्या बायका मला म्हणायच्या, "त्या वळणाला उतरून चालत जावा बाई, लई वंगाळ हायत दोघं बी." मी उतरत असे.

सुगीच्या दिवसांत एका दुपारी मी वाडीवरून परतत होते. वळणाच्या अलीकडूनच मला लाकूड फोडल्यासारखा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ जनावरासारखी एक आरोळी. मी पायडल मारलं. थोरला फावडं घेऊन चर बुजवत होता तिथंच बसलेला होता, आणि त्याचा डावा हात कोपराखाली लोंबत होता. हाड पांढरं दिसत होतं. समोर धाकटा कुऱ्हाड घेऊन उभा. तो स्वतःच दचकल्यासारखा त्या हाताकडं बघत राहिला, मग वळला आणि उभ्या ज्वारीत शिरला.

सायकलच्या सीटखाली जादा ट्यूब गुंडाळलेली असे. ती काढून मी थोरल्याच्या दंडाला करकचून बांधली. रक्त पिचकारीसारखं येत होतं ते हळू झालं. पदर फाडून हात गळ्यात अडकवला. मी म्हटलं, "दादा, कॅरिअरवर बसा, मी ढकलते. दवाखान्यापर्यंत जायचंय."

"बाई, तुमी जावा. त्यो परत येईल."

"येऊ द्या. बसा."

तो बसला. एका हातानं त्यानं सीट धरली. मी सायकल ढकलत निघाले. मुरूम सैल होता, चाक रुतत होतं, आणि माझ्या पायांवर त्याचं रक्त ठिबकत होतं. ओढ्याजवळ आलो तेव्हा ज्वारीतून सळसळ झाली आणि धाकटा आमच्या पुढं सडकेवर येऊन उभा राहिला. कुऱ्हाड हातातच होती.

"उतरव त्याला," तो म्हणाला.

"सरका बाजूला. त्यांचा जीव जाईल."

"त्याच्यासाठीच आलोय. अर्धं काम ठिवून न्हाय जायचं."

ते तो अगदी शांतपणे म्हणाला. मग तो धावलाच. मी काय केलं ते ठरवून केलेलं नव्हतं. मी सायकल सगळ्या जोरानं त्याच्या अंगावर लोटली. थोरला कॅरिअरवरून मागं पडला. कुऱ्हाडीचा घाव पुढच्या चाकावर बसला, तारा तुटल्या आणि पातं रिममध्ये अडकलं. धाकटा दांडा हिसकत होता, कुऱ्हाड सुटेना. सायकलला लोखंडी पंप होता. मी तो उपसला आणि त्याच्या कानशिलावर घातला.

तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा घातला. जबड्यावर बसला, दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं हात वर केले तेव्हा मी हातांवर मारलं. तो आडवा झाला तरी मी मारत होते. माझ्या तोंडातून काहीतरी शब्द येत होते, कुठले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मला भीती उरली नव्हती आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

मागून थोरल्याचा आवाज आला. पडल्या जागेवरूनच तो म्हणाला, "बास करा बाई. मरंल त्यो. माझ्या आईचा हाय."

मी थांबले. पंप सडकेवर टाकला.

थोड्या वेळानं कडब्याची एक गाडी आली. गाडीवानानं कडबा खाली टाकला आणि दोघा भावांना शेजारी शेजारी घातलं. धक्क्यासरशी त्यांची डोकी एकमेकांवर आपटत होती. मी मागून चालत तेरला आले. थोरल्याला उस्मानाबादेला नेलं आणि तिथं त्याचा हात कोपरापासून काढला. धाकट्याचा जबडा वाकडाच राहिला.

खटला उभा राहिला तेव्हा त्या दोघांखेरीज साक्षीदार मी एकटी. पहिल्यांदा थोरला पिंजऱ्यात आला आणि म्हणाला, "गाडीखाली हात आला, सरकार." धाकटा म्हणाला, बैल उधळला म्हणून आपण पडलो. मी जे पाहिलं ते सांगितलं. वकील हसत म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्ही एका कुऱ्हाडवाल्या पुरुषाला सायकलच्या पंपानं बेशुद्ध केलं?" मी हो म्हणाले. सगळं कोर्ट हसलं. धाकटा सुटला.

पायऱ्यांवर थोरल्याची बायको माझ्याजवळ आली. डोक्यावरचा पदर नीट करत हळूच म्हणाली, "तुमी खरं बोलला. पर तुमी बदली होऊन जाशीला. आमाला त्याच बांधावर ऱ्हायाचंय." मला राग आला होता. मी पायऱ्या उतरून निघाले.

मी नवं चाक बसवून पुन्हा त्याच वाटेनं जाऊ लागले. आता पुरुष मला बघून बाजूला उभे राहत. धाकटा मला बघितलं की मान वळवत असे. सडक वर्षभर सपाट राहिली.

मग पुढच्या उन्हाळ्यात, ऊन चढायच्या सुमारास, मी तेरहून निघाले होते आणि समोरून थोरला चालत येताना दिसला. सदऱ्यावर छातीपर्यंत रक्ताचे शिंतोडे. उरलेल्या हातात पहार होती, ती मुरमावर घासत येत होती. मी उतरले.

"काय झालं, दादा?"

"पुन्यांदा चर मारला त्यानं. माझ्या बैलाचा पाय मोडला. पडल्या जागी वरडत व्हता बैल, आन् ह्यो हसत व्हता." तो थांबला. "आवरलं न्हाय मला."

"जिवंत आहे का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "डोकंच ऱ्हायलं न्हाय त्याचं. मी बगितलं."

तो पुढं म्हणाला, "आज खोटं बोलायचं न्हाय. पोलिस ठाण्यातच चाललोय. वाटेत कोन आडवं येऊ ने म्हनून पहार घेतलीया."

"ती टाका. मी येते तुमच्याबरोबर."

त्यानं पहार ज्वारीच्या धसकटांत टाकली. मी सायकल वळवली आणि हातात धरून त्याच्या बाजूनं चालू लागले. त्याला तहान लागली होती, बाटलीतलं पाणी दिलं. बैलाला कुणीतरी बघावं, एवढंच तो मधूनमधून म्हणत होता. भावाचं नाव त्यानं घेतलं नाही.

ठाण्याच्या ओट्यावर बसल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. "जावा आता. तुमच्या कामाचा खोळंबा व्हायलाय."

मी गेले नाही. फौजदार जेवून परत येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.