तिचा एकुलता फोटो
फोटो धुण्याच्या हायपो रसायनाचा आंबूस वास आला, की मला धुळ्याच्या इस्पितळातली एक्स-रेची अंधारी खोली आठवते. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि मी नवखा डॉक्टर होतो. दोंडाईच्याकडचा एक शेतकरी आपल्या लहान मुलीला पाठुंगळी घेऊन आला. मुंबईला तिच्या मेंदूतली कर्करोगाची गाठ काढली होती, पण आता तिचे पाय लुळे पडत चालले होते. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या मणक्यात एक्स-रेत उमटणारं औषध सोडून फोटो काढला आणि खिडकी उघडून ओली फिल्म उजेडाशी धरली. औषधाची रेघ पाठीतून सरळ उतरायला हवी होती. ती जागोजागी कुरतडल्यासारखी दिसत होती आणि कमरेजवळ अडली होती. "डोक्यातला आजार पाठीत उतरलाय. आता इलाज नाही," ते बापाला हळूच म्हणाले. "पन गाठ तं मुंबईले काढी ना, साहेब?" त्याने विचारलं. तेवढ्यात टेबलावरून मुलगी म्हणाली, "आबा, मना फोटो चांगला उना का?" "भलता चांगला उना, बेटा," असं म्हणत त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळला. "हाऊ फोटो मी लई जाऊ का? घरमा तिना दुसरा फोटो नही शे." फिल्म वाळेपर्यंत तो तिला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहिला, आणि मी ती फिल्म कागदात गुंडाळून त्याच्या हाती दिली. पुढे आयुष्यभर मी असेच फोटो वाचले. आता तिचा चेहरा आठवू पाहतो, तर तो काही केल्या आठवत नाही. पाठ तेवढी आठवते.