तिखाडीचं तेल आणि निळ्या पेशी

सत्तरच्या दशकात मी नागपूरला संशोधन करत होते. झाडापाल्याच्या सुगंधी तेलांचा कर्करोगाच्या पेशींवर काही परिणाम होतो का, हे तपासायचं काम होतं. कोणतं तेल घेणार, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं तेव्हा मी लगेच तिखाडी म्हणाले. आमच्या किन्हीराजा गावाकडच्या माळावर हे गवत मुबलक. गुडघे दुखले की घरोघर त्याचंच तेल चोळायचे. त्या उग्र, गोडसर वासात नेमकं काय आहे, याचं मला लहानपणापासून कुतूहल होतं.

दिवाळीच्या सुटीत गावी गेले, तेव्हा नाल्याकाठी तिखाडीच्या तेलाची भट्टी लागली होती. मोठ्या हंड्यात गवत उकळत होतं, वाफ नळीतून थंड होऊन भांड्यात पडत होती आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगत होतं. एक बाटली मागितली आणि ती कशासाठी, तेही भट्टीवाल्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मी कॅन्सरची दवा शोधली.

ते ऐकून माझी मावशी आली. ती मजुरीनं शेतात जायची, फार बोलायची नाही. दार लोटून तिनं पदर बाजूला केला. छातीत सुपारीएवढी गाठ होती. त्यावर ती तिखाडीचंच तेल चोळत होती. कातडी लाल झाली होती.

"तुह्या तेलानं हे जिरन का?" तिनं विचारलं.

मला अजून काहीच माहीत नाही, असं मी सांगितलं आणि तिला नागपूरला घेऊन आले. डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं. तारीख मिळेपर्यंत ती माझ्या खोलीवर राहिली, आणि एक दिवस माझ्यासोबत प्रयोगशाळेत आली.

उंदराच्या गाठीतल्या पेशींवर मी तेल टाकलं होतं. मेलेली पेशी वरून टाकलेला निळा रंग शोषून घेते, जिवंत पेशी घेत नाही, हे मी तिला सांगितलं. मावशी एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहत राहिली. जवळजवळ सगळ्या पेशी निळ्या होत्या. मग मी दुसरी काच ठेवली. तिच्यावरच्या पेशीही निळ्याच.

"ह्या कोणाच्या?"

"धडधाकट उंदराच्या."

"मंग ह्या काहून मेल्या?"

तेलानंच मारल्या, असं मी सांगितलं.

"म्हणजे याले आपलं-परकं समजत नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिनं गाठीवर तेल लावणं सोडलं.

ऑपरेशन नीट झालं. मी पुढे तेल पातळ करत करत पाहिलं. गाठीतल्या आणि धडधाकट पेशींत थोडा फरक दिसला, पण तेलाला औषध म्हणण्याइतका नव्हता. मावशी पुढे बरीच वर्षं जगली. तपासणीसाठी नागपूरला आली की तिचा हट्ट एकच, प्रयोगशाळा पाहायची. एकदा पिशवीतून निरगुडीचा पाला काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"हे बी टाकून पाह्य," ती म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकासमोर स्टूल ओढून बसली.