पहिली धार

माझी पहिली मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. रत्नागिरीहून मुंबईला बोटीने जायचे ते दिवस; नवरा तिकडे नोकरीला. त्याला पत्र पोचेपर्यंत घराने सगळं आवरून टाकलं. पाळणा माळ्यावर गेला, दुपटी दिसेनाशी झाली आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे न बोलताच ठरलं. मला रडू आलं नाही. झोपही येईना. दूध मात्र येत होतं, आणि रोज सकाळी बाळ न्हाऊ घालायच्या वेळेला मला माळ्यावरून कुरकुर ऐकू यायची. मला वेड लागणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

ठरल्याप्रमाणे चौथ्या दिवशी सुईण तेल लावायला आली. "आता कशाला?" सासूबाई म्हणाल्या. खोबरेलाचा एक थेंब सांडला तरी दिवसभर ऐकवणाऱ्या त्या.

"बाळंतीण तर हाय मा घरात?" म्हणत सुईण त्यांना वळसा घालून आत आली.

तिचे हात खरखरीत होते आणि जोर पुरुषासारखा. पाठ, कंबर, पोटऱ्या तिने रगडून काढल्या. पोटावर हात आला तशी ती थांबली आणि कानोसा घेतल्यासारखी मान कलती करून बसली.

"ह्या अंगाला अजून कुणी सांगितलेला नाय," ती म्हणाली. "त्याला वाटतंय, पोर हाय."

कुरकुरीचं मी कुणाजवळ बोलले नव्हते.

रोज ती यायची. तिचा हात फिरला की तासभर डोळा लागायचा, खांदे हलके व्हायचे. पण कुरकुर थांबेना. उलट ती खाली उतरत चालली होती. आधी माळ्यावर, मग दाराशी. बाराव्या दिवशी ती उशाशी ऐकू आली आणि मी घाबरून सुईणीला सगळं सांगून टाकलं.

तिला नवल वाटलं नाही. तिने पाटावर बसून पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि तेलाची वाटी घेतली. "तिची मालिश राहिली गो," म्हणाली आणि दोन नडग्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तेल लावू लागली. छाती, दंड, मांड्या. मग नसलेला उजवा हात नसलेल्या डाव्या पायाला नेऊन लावला. हात कुठेही चुकत नव्हते. मला ओरडावंसं वाटलं, पण नजर हलेना.

"आता तू बस. टाळू तू भर."

मी पाय पसरले. तळहातावर तेल घेतलं आणि जिथे तिचं डोकं आलं असतं तिथे हात धरला. बोटांखाली काहीतरी मऊ, हळूहळू उडत होतं. माझ्याच बोटातली नाडी ती. तेव्हाही मला ते कळत होतं, तरी हात काढवेना.

"ऱ्हवला हुता ता झाला," सुईण म्हणाली. "आता तिला जाऊ दे."

मग मी रडले. किती वेळ ते आठवत नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत येऊन माझ्या पाठीशी बसल्या. उठल्यावर मी पाटापुढे पाहिलं, तर जमीन कोरडी. शेणाची जमीन तेल पिते, एवढं मलाही समजतं. पण डागही नव्हता. कुरकुर मात्र त्या दिवसापासून थांबली.

पुढे मला दोन मुलगे झाले. त्यांना तेल लावायला बसले, की मूल पायांवर घेण्याआधी तेलाची पहिली धार मी रिकाम्या नडग्यांमध्ये सोडायची. सासूबाई समोरच असायच्या. तेल सांडलं म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा वाटीत तेल कमी होतं, तर उठून गेल्या आणि बरणीच घेऊन आल्या.