पायऱ्या चढणारी खुर्ची

“आन् मोबाइल? सुरुवातीले येणाऱ्या फोनचेही पैसे लागत होते. आता भाजीवालीजवळ दोन-दोन हायेत!” अनंतरावांचा आवाज चढला. “हे खुर्चीही तशीच भावानं उतरन. थांबाव लागते.”

“थांबूनच तर राहिली,” पलंगावरून वनमाला नवऱ्याला म्हणाली. “चालता कुठं येते मले?”

रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी केलेल्या अनंतरावांनी कुठलीही वस्तू ती नवी असताना घेतली नव्हती. वर्ध्याहून लग्न होऊन वनमाला रायपूरच्या पुरानी बस्तीत आली, तेव्हापासून ती भाव उतरण्याची वाट बघत होती. मिक्सर आला तोवर पाट्याने तिचे खांदे धरले होते. तिने कधी तोंड उघडलं नाही. पाट्यावर चटणी तर होत होती. पण अर्धांगाच्या झटक्याने डावा पाय गेला आणि दारातल्या तीन पायऱ्या गावाच्या वेशीएवढ्या झाल्या. देवळातली आरती ती पलंगावरून ऐकायची. मग पोराने, परागने, मोबाइलवर पायऱ्या चढणारी बॅटरीची खुर्ची दाखवली. त्याच्या लग्नाचा व्हिडिओही तिने इतक्यांदा पाहिला नव्हता.

“बाबा सही बोल रहे हैं, आई,” पराग म्हणाला. नवा रायपूरच्या ऑफिसात जाणाऱ्या परागला मराठी समजायचं, उत्तर हिंदीत यायचं. “पाँच-सात साल रुक जाओ, आधे दाम में आएगी.”

“पाच-सात सालानं मले चार जण फुकट नेतीन, पोट्ट्या.”

“अभद्र काहून बोलून राहिली?” अनंतराव म्हणाले. “पैसे आणू कुठून?”

“तेलीबांध्यापुढचा प्लॉट विका.”

अनंतराव चटका बसल्यासारखे उठले. “राजधानी झाली तवापासून भाव चढून राहिला तिथं! चढत्या भावात कोनी इकते काय?”

वनमालेने हिशोब समजून घेतला. महाग होणारं विकायचं नाही, स्वस्त होणारं घ्यायचं नाही. दोन्हींच्या मधे तिने पडून राहायचं.

प्लॉट घेताना बाईच्या नावाने रजिस्ट्री केली की सूट मिळते, हे कळल्यावर अनंतराव तिला मोठ्या हौसेने घेऊन गेले होते. सही झाल्यावर उसाचा रसही पाजला होता. एक ग्लास, दोघांत.

“दयाराम दलालाले सकाळी फोन केला मी,” ती म्हणाली. “प्लॉट माह्या नावावर हाये. सोमवारी सही करनार हाये. रजिस्ट्री ऑफिसात मले उचलून कोन नेते, ते तुम्ही दोघं ठरवा.”