दोन सिटिंगची दाढ

कार्तिक पौर्णिमेनंतरचा सोमवार. ठरलेली रक्कम आठ हजार रुपये, कॅपसह. हजर: गोंदियाचे दातांचे डॉक्टर, माझी बायको आणि मी. माझं तोंड उघडं आणि अर्धं बधिर होतं, त्यामुळे भाव ठरताना माझी हजेरी नावापुरतीच होती.

"बस, दो सिटिंग, काका," डॉक्टर म्हणाले.

बायकोचं मत वेगळं होतं. "कायले वाचवता जी त्या दाढेले? पाचशेत उपटून देतेत." डावीकडच्या दाढा मी तिच्याच सल्ल्यानं उपटून घेतल्या होत्या. चावण्यासारखी ही उजवीकडची एकच उरली होती. ती गेली असती तर पुढचं सारं आयुष्य मऊ भातावर काढावं लागलं असतं. म्हणून मी हट्टानं वाचवायला निघालो.

पहिल्या खेपेला दाढ कोरली, दुसऱ्या खेपेला नस काढली. दोन सिटिंग संपल्या म्हणून मी उठलो, तर तिसरी तारीख हाती आली. "वो दो रूट कॅनालकी थी, काका. कॅप अलग." आमचं गाव नवेगाव बांधकडचं. दहा मिनिटं तोंड उघडायला गोंदियाला जाण्यायेण्यात अख्खा दिवस जायचा आणि तिकडे शेतात कापलेलं धान बांधीत पडून राहायचं.

कॅप बसली. घरी पहिल्याच घासाला कळ थेट कानात गेली. नस काढलेली दाढ दुखत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दाढेला ते कोणी सांगितलं नव्हतं.

परत गेलो. "दुखता है?"

"दुखते."

"नया दात है, आदत हो जाएगी."

ही दाढ माझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान. तिला नवी म्हणणारे हे पहिलेच. गोळ्या मिळाल्या. पुढच्या खेपेला त्याहून महाग गोळ्या मिळाल्या.

शेवटी मी हरलो. दाढ उपटायचीच, असं ठरवून निघालो. बायको सोबत आली. आपलंच खरं ठरताना तिला समोर हजर राहायचं होतं.

मी खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं. तेवढ्यात ती म्हणाली, "डॉक्टर, पहिले हे बोलतानाच तोंड उघडत. आता गप बसले तरी उघडंच राहते. याचंही औषध द्या जी."

डॉक्टर थांबले. इंजेक्शन बाजूला ठेवून त्यांनी निळ्या कागदाची पट्टी माझ्या दातांमध्ये धरली. "दबाओ." निळा डाग उमटला तो एकट्या कॅपवर. कॅप बाकीच्या दातांपेक्षा उंच बसली होती आणि प्रत्येक घासाचा सारा भार ती एकटी झेलत होती. डॉक्टरांनी मिनिटभर घासलं. किती तरी दिवसांनी माझे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटले. कळ नाही.

"हे आधी काऊन नाही पाहिलं?" मी विचारलं.

"आपने बताया नहीं, मुंह बंद नहीं होता."

बरोबर आहे. त्यांच्यासमोर तोंड बंद करायची संधी मला कधी मिळालीच नव्हती.

घासण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे नोंदवणं भाग आहे. खाली रस्त्यावर फुटाण्यांची गाडी होती. मी पुडी घेतली आणि उभ्या उभ्या उजवीकडून चावत राहिलो. बायकोनं अर्धे फुटाणे आपल्या तळहातावर ओतून घेतले.

"आता तरी तोंड बंद करून खा," ती म्हणाली.

अखेरची रक्कम वीस रुपये, फुटाणेवाल्याला.