पद्मजाचा कंपॅरेटर

पद्मजाला राग आला की ती बोलायचीच बंद व्हायची, आणि छावणीतल्या तिच्या घरात सगळे त्यालाच टरकून असत. केशव देवळेला हे ठाऊक नव्हतं. चितेगावच्या कारखान्यात तो तिचा साहेब. शेतातल्या मोटारींसाठी तिनं जीव ओतून एक सर्किट तयार केलं होतं. त्यातला कंपॅरेटर लाइनचं व्होल्टेज ठरलेल्या पातळीशी ताडून बघायचा. ते खाली गेलं की मोटार बंद, वर आलं की चालू. केशवनं ते सर्किट बेधडक आपलं म्हणून मालकांना, तात्यासाहेबांना दाखवलं. चोरी ओळखू येऊ नये म्हणून एक रेझिस्टर तेवढा काढून टाकला. कारखान्यातल्या टेबलावर चालवून पाहताना काही फरक पडला नाही.

पद्मजानं ते पाहिलं. बंद होण्याची आणि पुन्हा चालू होण्याची पातळी वेगळी ठेवणारा तोच रेझिस्टर होता. ती गप्प बसली. मिरव म्हणावं लेका, किती मिरवायचं ते!

चाचणी तात्यासाहेबांसमोर, नानासाहेब या शेतकऱ्याच्या विहिरीवर ठरली. तिकडे सगळ्यांच्या मोटारी ऑटोवर. लाइट आली की शिवारातल्या साऱ्या एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज धाडकन बसतं. केशवला हे कुठून माहीत असणार?

लाइट आली. मोटार सुरू झाली, व्होल्टेज बसलं, मोटार बंद. बंद होताच व्होल्टेज चढलं, मोटार पुन्हा सुरू. मोटार चालू-बंद करणारा रिले नुसता तडतडत सुटला.

"अवं सायेब, मोटार जळंल ना! लई मुश्किलीनं वायंडिंग भरून आणलीय," नानासाहेब ओरडले.

मेन स्विचच्या दांडीवर पद्मजाचा हात होता.

"पद्मजा, बंद कर!" केशव म्हणाला.

"सर्किट कुणाचं, सर?"

त्यानं तात्यासाहेबांकडे पाहिलं. "तुझं."

"मोठ्यानं."

"तुझंच आहे, बाई! मी उचललं!"

आता दांडी ओढायला हवी होती. पण केशवचा घामेजलेला चेहरा तिला इतका गोड लागला की तिनं अजून थोडं तडतडू दिलं. जळका वास आला, तेव्हा कुठं तिनं स्विच पाडला.

नानासाहेबांनी मोटारीला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"सर्किट तुजं का त्याचं, मला काय करायचंय, बाई? जळाली तर माझीच ना."

पद्मजाला मान वर करवेना. तरी परतताना जीपमध्ये ती केशवच्या उतरलेल्या तोंडाकडेच बघत होती, आणि तिला बरं वाटत होतं.