जबडा माशाचा नव्हता

माझे यजमान डॉक्टर होते. सोलापुरात आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता आणि मागच्या पडवीत माझे मासे. दवाखाना लोकांना कळत होता. माशांशी डॉक्टरांच्या बायकोचा काय संबंध, हे मात्र कुणाला कळत नव्हतं, आणि सांगितलं तरी कुणी ऐकून घेत नव्हतं.

वडिलांनी हट्टाने मला पुण्याला कॉलेजात घातलं होतं. मी प्राणिशास्त्र शिकले, आणि त्यातही माशांच्या हाडांचं मला वेड लागलं. वर्गात मुली नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. मग लग्न झालं, सोलापूरला आले आणि धरून चालले की आता हाडं संपली, यापुढे भाकरी आणि पाहुणे. तसं झालं नाही, ते कुंभारीच्या एका मावशीमुळे.

ही मावशी कोरडवाहू शेती करणारी, नवरा गेलेला, जमीन स्वतः राखून बसलेली. हाताला जखम झाली म्हणून दवाखान्यात आली आणि पट्टी बांधून झाल्यावर तिने पदराखालून एक दगड काढला.

"डाक्टर, हे बगा की. हीर खोदताना घावलं. दगडात मासळी हाय."

डॉक्टरांनी मला आतून हाक मारली. राखट पांढऱ्या दगडाचा तळहाताएवढा तुकडा होता. त्यावर तपकिरी, चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले एकावर एक कौलांसारखे बसलेले. मी पीठ मळत होते. हात न धुताच तो दगड घेतला आणि उंबऱ्यातच खाली बसले.

दुसऱ्याच दिवशी बैलगाडीने कुंभारीला गेले. विहिरीत वरती आपला नेहमीचा काळा दगड, खालीही काळा दगड, आणि दोहोंच्या मधे त्या राखट दगडाचा एक पट्टा. मी मावशीला समजावून सांगितलं की हा काळा दगड एके काळी तापलेला रस होता. तो पसरला, थंड झाला. मग किती तरी काळ त्याच्यावर तळं साठून होतं. त्यात मासे होते. मग पुन्हा रस आला आणि तळं झाकून गेलं.

"म्हंजी हितं पयलं तळं हुतं?"

"होय."

"आन आमी हितंच पान्यासाठी मरतोय," असं म्हणून ती पुन्हा विहीर खोदणाऱ्या वडारांवर ओरडायला गेली. पण त्या दिवसापासून त्या पट्ट्यातला दगड निघाला की तो ती बाजूला ठेवायला लावी.

मी कामाला लागले. डॉक्टरांच्या टाकून दिलेल्या सुयांनी दगड कोरत बसायचं. जुना मासा ओळखायचा तर शेजारी आजचा मासा हवा. म्हणून मी भीमेचे मासे मागवून परसात वेगळ्या शेगडीवर उकडून त्यांची हाडं सुटी करायला लागले. आमच्या घरात जेवताना माशाचं नावसुद्धा काढत नसत. आळीतल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. एक जण तर सासूबाईंना सांगायला आली की तुमची सून चोरून खाते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "खात नाही, शिकते," आणि दार लावून घेतलं. ज्या बायका मला बाटलेली समजत होत्या, त्यांच्याच घरचे पुरुष बाहेर काय खात होते ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्यांच्या हळदीकुंकवाला काही बाध आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर रुंद केली तेव्हा तो जबडा सापडला. बोटाएवढा लांब, वर बारीक टोकदार दात. पहिल्यांदा मलाही तो माशाचाच वाटला, कारण अशा लांब तोंडाचे मासे त्या काळी होते. पण एका ठिकाणी जबडा फुटला होता. तिथली माती मी सुईने काढली. दात हाडाला वरून चिकटलेला नव्हता. त्याचं मूळ स्वतंत्र खोबणीत खोल गेलं होतं, आणि त्याच खोबणीत तळाशी नव्या दाताचं टोक वर येत होतं. माशाचा दात असा बसत नाही. मगरीचा बसतो. हे मगरीच्या कुळातलं पिल्लू होतं, त्या तळ्यात मासे धरून खाणारं. कॉलेजातला मगरीचा सांगाडा आठवून, चित्रं काढकाढून मी खात्री करून घेतली आणि मग निबंध लिहिला.

पुण्याच्या एका विद्वानांच्या मंडळाकडे तो पाठवला, पूर्ण नाव घालून. उत्तर आलं की निबंध पसंत आहे, परंतु सभेत स्त्रियांनी वाचण्याची व्यवस्था नाही. आपले यजमान वैद्यकीचे पदवीधर आहेत, त्यांनी वाचावा.

मी ते पत्र डॉक्टरांपुढे टाकलं. ते म्हणाले, "मी वाचतो. तुझं नाव सांगूनच वाचतो. निदान लोकांच्या कानावर तरी जाईल."

सभेत त्यांनी खरंच पहिलं वाक्य तेच म्हटलं. "हे काम माझ्या पत्नीचं आहे, मी केवळ वाचणारा." सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं आणि टाळ्या पडल्या. मी मागच्या बाजूच्या बाकावर बसले होते. माझ्या पुढचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "केवढा विनय आहे, पाहा."

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी जबडा हातात घेतला. ते निवृत्त प्रोफेसर होते, शास्त्रातले मोठे मानले जात.

"डॉक्टर, हा माशाचा जबडा आहे. आपण वैद्य आहात, तेव्हा चूक क्षम्य आहे."

"माझी पत्नी मागे बसली आहे," डॉक्टर म्हणाले. "तिला विचारावं."

"हो, हो. त्यांचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे."

मी उभी राहिले. म्हटलं, "फुटलेल्या जागी भिंग लावून पाहावं. दात खोबणीत आहे आणि त्याच्याखाली दुसरा दात आहे. असा मासा अध्यक्षांनी कुठे पाहिला असेल तर सांगावं."

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांनी जबड्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाई, आपण बसावं. सभेचं कामकाज चालू आहे."

"कामकाज माझ्याच निबंधावर चाललंय," मी म्हटलं. पण त्यांनी जबडा पेटीत ठेवला, तज्ज्ञांना दाखवू म्हणाले, आणि पुढच्या वक्त्याला पुकारलं.

काही महिन्यांनी मंडळाचा अंक छापून आला. निबंध डॉक्टरांच्या नावावर होता. जबडा माशांत घातला होता. आणि शेवटी डॉक्टरांच्या नावाने एक ओळ होती, जी त्यांनी कधी लिहिलीच नव्हती: आकृत्या स्वच्छ काढून दिल्याबद्दल सौभाग्यवती पत्नीचे आभार.

मी तो अंक घेऊन दवाखान्यात गेले. रोगी बसलेले होते, तरी गेले. डॉक्टरांनी वाचलं, त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्यांनी मंडळाला निषेधाचं पत्र लिहिलं. उत्तरात त्यांच्या निगर्वी स्वभावाची स्तुती होती.

मग सोलापुरात सत्कार सुरू झाले. वाचनालयात, व्यायामशाळेत, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात. डॉक्टर प्रत्येक ठिकाणी सांगत की हे माझं नव्हे. जितकं सांगत तितके लोक अधिक खूश होत. खरं बोलणाऱ्या माणसाची अशी फजिती मी दुसरी पाहिली नाही, आणि त्या फजितीत मी पुसली जात होते.

एकदा घरी आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही पुरेसं स्पष्ट सांगत नाही."

"याहून स्पष्ट कसं सांगू?"

"जाऊच नका."

मला वाटतं, सत्कार त्यांना अगदीच नकोसे झाले नव्हते. पण पुढचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी कळवलं की मी येणार नाही, माझी पत्नी येईल, बोलायचं ते तीच बोलेल. संयोजकांनी कार्यक्रम पुढे ढकलला. तो अजून पुढेच आहे.

जबडा मात्र परत येईना. शेवटी मी एकटी पुण्याला गेले. मंडळाच्या कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, "डॉक्टरांची चिठ्ठी लागेल."

"वस्तू माझी आहे."

"नोंद त्यांच्या नावावर आहे, बाई."

मी बाकावर बसले आणि म्हटलं, जबडा मिळेपर्यंत इथेच आहे. कारकून जेवून आला, पाणी पिऊन आला, मी बसूनच होते. दुपारी अध्यक्ष आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, तो मासाच आहे. आपण उगीच त्रास घेता."

मी पिशवीतून भिंग काढून त्यांच्यापुढे धरलं. कारकून बघत होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी पेटी मागवली, खिडकीशी गेले आणि या वेळी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "पुन्हा तपासलं पाहिजे."

"आत्ताच तपासलंत," मी म्हटलं, आणि पेटी उचलून पदराखाली घेतली. त्यांनी अडवलं नाही. जबड्यावर 'मत्स्य' अशी चिठ्ठी डकवली होती. स्टेशनवरच्या नळाखाली ती भिजवून मी नखाने खरवडून काढली.

पुढच्या अंकात त्यांचं छोटं टिपण आलं. कुंभारीचा जबडा आम्ही फेरतपासला असता तो सरपटणाऱ्या प्राण्याचा, बहुधा मगरीच्या कुळातला ठरतो. खोबण्यांचं वर्णन माझंच होतं, शब्दही बरेचसे माझे. नाव कुठेच नव्हतं. या वेळी आभारसुद्धा नव्हते.

कुंभारीला जाऊन मी हे सगळं मावशीला सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती.

"हीर माजी," ती म्हणाली. "वळकलं तुमी. मग त्यो कोन?"

तिने मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात सारल्या आणि नवीन निघालेले दगड दाखवायला उठली. त्यांत कासवाच्या पाठीचा एक तुकडा होता.

त्या कासवावरचा निबंध मी दूरच्या एका नियतकालिकाला पाठवला, खाली नुसती आद्याक्षरं घालून. तो जसाच्या तसा छापला. संपादकांचं पत्र आलं, त्यात मला 'महाशय' म्हटलं होतं. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी उलट टपाली कळवलं की मी महाशय नाही. त्यानंतर त्यांच्याकडून पत्र आलं नाही, पण छापलेलं त्यांना परत घेता आलं नाही, एवढं समाधान.

डॉक्टर आता नाहीत, अध्यक्षही नाहीत. पुण्याचं ते मंडळ अजून आहे. त्यांच्या अंकात तो निबंध आजही डॉक्टरांच्या नावावर आहे आणि जबड्याचा शोध अध्यक्षांच्या. दुरुस्ती छापा म्हणून मी त्यांना अधूनमधून लिहीत असते. जुन्या अंकांत फेरफार करण्याची पद्धत नाही, असं ते कळवतात. मागच्या महिन्यात पुन्हा लिहिलं आहे.